कॅडिलॅकला पहिल्याच वर्षी गुण मिळतील का?

२०२६च्या हंगामात फॉर्म्युला वनमध्ये अकरावा संघ उतरतोय: अमेरिकेचा कॅडिलॅक. पण नवख्या संघाकडून किती अपेक्षा ठेवायची?

शर्यतीत गाड्या २२, गुण मात्र पहिल्या दहांनाच. २०१० मध्ये लोटस, व्हर्जिन आणि एचआरटी हे तीन नवे संघ आले. भारताचा करुण चंढोक तेव्हा एचआरटीकडूनच धावला होता. वर्षभरात तिघांपैकी कुणालाही एकही गुण मिळाला नाही. पुढे तिन्ही संघ बंद पडले.

याउलट, २०१६ मध्ये हासने पहिल्याच शर्यतीत सहावा क्रमांक मिळवला. थोडी नशिबाची साथ होतीच, पण इंजिनासह बरेच भाग फेरारीचे होते.

कॅडिलॅकही सुरुवातीला फेरारीचंच इंजिन आणि गिअरबॉक्स वापरणार आहे. चासी मात्र स्वतःची. सर्जिओ पेरेझ आणि वाल्टेरी बोटास या ड्रायव्हर्सच्या नावावर मिळून १६ विजय आहेत. शिवाय नियम बदलल्यामुळे यंदा सगळ्यांच्याच गाड्या नव्या आहेत. तरी जुन्या संघांकडे अनेक वर्षांचा डेटा आणि सरावलेली माणसं आहेत.

म्हणून विजयाचं सोडा. गाड्या शर्यत पूर्ण करतात का आणि पहिला गुण कधी मिळतो, एवढंच बघा.