चाकूवर नाव दुकानाचे, हात कारागिराचा

शौक नाना तऱ्हेचे असतात. कुणी जुनी नाणी जमवतो, कुणी पोस्टाची तिकिटे, कुणी अत्तराच्या कुप्या. अमेरिकेत मात्र असे बरेच लोक आहेत की जे खिशात ठेवण्याचे जुने घडीचे चाकू जमवतात. आपल्याकडे चाकू म्हटला की रामपुरी आठवतो आणि रामपुरी म्हटला की सिनेमातली मारामारी. त्या चाकूंचा मारामारीशी काही संबंध नव्हता. सुतळी कापायची, पेन्सिल तासायची, सफरचंद सोलायचे, शेतावर दोरखंड तोडायचा, अशा रोजच्या कामाचे ते हत्यार. मूठ बोटभर लांबीची, आत दोन किंवा तीन पाती. पिढ्यान् पिढ्या तिकडचा शेतकरी आणि सुतार असा एखादा चाकू खिशात घालूनच घराबाहेर पडत असे.

या शौकाची एक शाखा आम्हां कापडवाल्यांना विशेष ओळखीची वाटावी अशी आहे. ती म्हणजे मोठमोठ्या दुकानांनी स्वतःच्या नावाने विकलेले चाकू. दुकानाने एकही चाकू कधी बनवला नाही, पण पात्यावर छाप दुकानाचा! भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचा माल हाताळणाऱ्याला हा प्रकार समजावून सांगायला नको. यंत्रमागवाला ग्रे कापड विणतो, ते प्रोसेसला जाते आणि ठाणावर मारका पडतो तो व्यापाऱ्याचा. गिऱ्हाईक मारका पाहून कापड मागते. विणणारा कोण, हे त्याला ठाऊक नसते.

दुकानाचा मारका कसा जन्मला?

ॲरन माँटगोमेरी वॉर्ड यांनी १८७२ साली शिकागोत टपालाने माल विकण्याचा धंदा सुरू केला. माल पसंत नसेल तर पैसे परत, हा वायदा त्यांनी १८७५ साली जाहीर केला. त्या काळी ही मोठी हिंमत होती. मागोमाग रिचर्ड सीअर्स आले. ते रेल्वे स्टेशनवरचे एजंट. त्यांनी १८८६ मध्ये घड्याळे विकून सुरुवात केली आणि पुढे ॲल्व्हा रोबक यांच्यासह ‘सीअर्स, रोबक’ ही पेढी उभी राहिली. १८९५ पासून तिच्यात भागीदार झालेले ज्युलियस रोझेनवाल्ड हे मूळचे तयार कपड्यांच्या धंद्यातले. याच रोझेनवाल्ड यांच्या मदतीने अमेरिकेच्या दक्षिण भागात काळ्या मुलांसाठी सुमारे पाच हजार शाळा बांधल्या गेल्या. कमाईचा असा उपयोग करणारे व्यापारी दुनियेत थोडेच.

या पेढ्यांचे जाड कॅटलॉग गावोगावच्या घरांत पोहोचले. त्यांत नांगरापासून सुईपर्यंत सर्व काही असे. एवढा माल खपू लागल्यावर दुकानदाराला वाटले, कारखानदाराच्या नावाची जाहिरात आपण का करावी? मग पात्यावर स्वतःचे नाव टाकून घेण्याची चाल पडली. सीअर्सच्या चाकूंवर विल्बर्ट, स्टा-शार्प, डनलॅप आणि सर्वांत गाजलेले क्राफ्ट्समन ही नावे आढळतात. वॉर्डच्या चाकूंवर लेकसाइड हे नाव मिळते. हार्डवेअरचे ठोक व्यापारी तर याच वाटेने आधीपासून चालत होते. सेंट लुईसच्या सिमन्स पेढीचा ‘कीन कटर’ हा मारका आजही जमवणाऱ्यांचा लाडका आहे. किंमत विसरली जाते, पण मालाचा दर्जा लक्षात राहतो, अशा आशयाचे त्या पेढीचे ब्रीद होते. आपल्या प्रत्येक गल्ल्यावर लिहून ठेवावे असेच ते आहे.

बनवणारे कोण होते?

न्यूयॉर्क राज्यातल्या कॅमिलस गावची कॅमिलस कंपनी, वॉल्डन गावात १९०४ साली श्रेड बंधूंनी सुरू केलेली श्रेड कंपनी, एलेनव्हिलची अल्स्टर, अशा कारखान्यांनी दुकानांचा माल बनवला. यामागे सरकारी जकातीचाही हात आहे. पूर्वी अमेरिकेत इंग्लंडच्या शेफील्डचे आणि जर्मनीचे चाकू मोठ्या प्रमाणावर येत. १८९० आणि १८९७ च्या कायद्यांनी आयातीवर जबर जकात बसली. ॲडॉल्फ कास्टर हे जर्मन चाकू मागवणारे व्यापारी. आयात परवडेना, तेव्हा त्यांनी १९०२ साली कॅमिलसचा कारखानाच विकत घेतला. आयातदार असा कारखानदार झाला. १८९० च्या कायद्याने आणखी एक गोष्ट घडली. परदेशी मालावर देशाचे नाव लिहिणे सक्तीचे झाले. त्यामुळे पात्यावर देशाचे नाव असले की तो परदेशी चाकू साधारणपणे १८९१ नंतरचा, एवढा अंदाज बांधता येतो.

पारख कशी करतात?

कापडाची पारख किनारीवरून आणि पोतावरून होते, तशी चाकूची पारख पात्याच्या बुंध्यावरून होते. पाते जेथे मुठीत शिरते तेथे छाप असतो. त्यावर दुकानाचे नाव मिळते, कारखान्याचे बहुधा मिळत नाही. मग जाणकार बाकीच्या खुणा तपासतो. पाते उघडण्यासाठी नखाची खाच कशा आकाराची आहे, रिव्हेट कोठे बसवले आहेत, मुठीवरची धातूची टिकली कोणत्या घडणीची आहे, पाठीची कमान किती जाड आहे, हे सर्व पाहून त्याच कारखान्याच्या स्वतःच्या नावाच्या चाकूशी ताडून पाहतात. जुने कॅटलॉग हाताशी असले तर सालही सापडते. अशा रीतीने छापामागचा कारागीर ओळखू येतो. या शौकातला खरा आनंद आमच्या मते हाच आहे.

मुठीवरूनही काळ कळतो. जुन्या मुठी हाडाच्या, खाचा पाडून रंगवलेल्या. काही सेल्युलॉइडच्या. १९६० नंतर डेलरीन नावाचे टिकाऊ प्लास्टिक आले आणि हाड मागे पडले. उंची चाकूंना सांबराच्या शिंगाची मूठ असे, आणि ते शिंग प्रामुख्याने आपल्या हिंदुस्थानातून जात असे. सांबराचे शिंग दरवर्षी गळते, ते जंगलातून वेचून निर्यात होई. १९९० च्या दशकाच्या अखेरीस सरकारने हा व्यापार बंद केला. म्हणून अशा मुठीचा चाकू परदेशातून आणायच्या भानगडीत कायदा पाहिल्याशिवाय पडू नये.

घेताना चार गोष्टी पाहाव्यात. एक, पाते दगडावर घासून घासून झिजलेले नसावे. दोन, उघडताना आणि मिटताना ‘खट्’ असा स्वच्छ आवाज यावा. कमान ढिली असेल तर किंमत उतरते. तीन, सर्व पाती मूळची असावीत, एका चाकूचे पाते दुसऱ्यात बसवलेले नसावे. चार, छाप ताजा आणि बाकी चाकू जुना दिसला तर सौदा सोडून द्यावा. कीन कटरसारख्या गाजलेल्या नावांच्या नकला निघालेल्या आहेत. मारका महाग झाला की नक्कल आलीच. हे कापडबाजारालाही नवे नाही.

जपण्याची रीत सोपी आहे. घासून पुसून चकाकी आणू नये, जुनेपणा गेला की मोलही जाते. हलके तेल लावावे. चामड्याच्या पाकिटात वर्षानुवर्षे ठेवू नये, त्याने पितळेवर हिरवा थर चढतो. सेल्युलॉइडच्या मुठीचे चाकू वेगळे ठेवावेत. ते जुने झाले की त्यांतून वायू सुटतो आणि शेजारची पाती गंजतात. शिवाय ते चटकन पेट घेते.

आपल्याकडे कुणाला हा नाद लागलाच तर एक इशारा. हे चाकू घरात ठेवण्याची वस्तू आहे, खिशात घेऊन हिंडण्याची नव्हे. पोलिसांचा मनाई हुकूम लागू असताना लहान चाकूही अडचणीत आणू शकतो. बटण दाबून उघडणारे चाकू तर घेऊच नयेत.

नाव राहिले, कारखाने गेले

आता व्यापारी बंधूंनी विचार करावा अशी गोष्ट. क्राफ्ट्समन हे नाव सीअर्सने १९२७ साली अवघ्या ५०० डॉलरला घेतले. त्या नावाचा माल दुसऱ्यांनी बनवला, सीअर्सने तो आपल्या भरवशावर विकला आणि हातहत्यारांना आयुष्यभराची हमी दिली. १९९३ साली त्यांचा मोठा कॅटलॉग बंद झाला. २०१७ साली पेढी अडचणीत असताना हे नाव स्टॅन्ले ब्लॅक अँड डेकर कंपनीला सुमारे ९० कोटी डॉलरला विकले गेले. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, सीअर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. माँटगोमेरी वॉर्डची दुकाने २००१ मध्येच बंद पडली होती. त्यांचेही नाव मागाहून दुसऱ्याने विकत घेऊन चालवले.

आणि कारखाने? श्रेडचा कारखाना २००४ मध्ये बंद झाला, कॅमिलसचा २००७ मध्ये. दोन्ही नावे विकली गेली आणि त्या नावांचे चाकू पुन्हा बाजारात आले. घरी बसले ते कारागीर. ज्या हातांनी पाती घासली, कमानी बसवल्या, त्यांच्या हुन्नराला मात्र कुणी गिऱ्हाईक मिळाले नाही.

आपल्या यंत्रमागवाल्यांनी हा हिशेब नीट वाचावा. जन्मभर दुसऱ्याच्या मारक्यासाठी विणत राहिले तर माग भंगारात जातो तेव्हा हाती फक्त भंगाराचा भाव येतो. थोडा का होईना, काही माल स्वतःच्या नावाने काढावा. पाच-दहा जणांनी मिळून एक नाव नोंदवावे आणि त्या नावाखाली खोटा माल कधी जाऊ देऊ नये. ज्यांचा मारका आहे त्या आम्हां व्यापाऱ्यांनीही विणणाऱ्याचे पैसे वेळेवर चुकते करावेत, कारण आमच्या नावाची अब्रू त्याच्याच हातात असते. अमेरिकेतले शौकीन आज भिंगातून पाहून बनवणाऱ्याचे नाव शोधत बसले आहेत. आपल्या ठाणाच्या किनारीवर विणणाऱ्याचे नाव आजच छापायला खर्च तो किती येणार?