उशिरा आलेल्यांची पेन्शन

तिजोरीत खडखडाट झाला की राज्यकर्त्यांना आधी कर्मचाऱ्यांचे पगार आणि पेन्शन आठवते. 2020 मध्ये कोरोनाचे संकट आले आणि केंद्र सरकारने महागाई भत्त्याचे तीन हप्ते गोठवले. जुलै 2021 मध्ये भत्ता 17 वरून 28 टक्के झाला, पण मधल्या 18 महिन्यांची थकबाकी बुडाली ती बुडालीच. पेन्शनरांचीही बुडाली. संकटाच्या सहाच महिने आधी कंपन्यांचा कर 30 वरून 22 टक्क्यांवर आणला होता. ती सवलत मात्र कुणी गोठवली नाही!

भत्ता निदान पुन्हा सुरू झाला. पेन्शनचे तसे झाले नाही. पाचव्या वेतन आयोगानंतर बोजा पेलवत नाही, असे सांगत केंद्राने 1 जानेवारी 2004 पासून सैन्यदले वगळता नव्या नोकरदारांची हमीची पेन्शन काढून घेतली. महाराष्ट्राने 1 नोव्हेंबर 2005 ची रेषा ओढली. आदल्या दिवशी रुजू झालेल्याला निम्म्या पगाराची पेन्शन, दुसऱ्या दिवशी आलेल्याला बाजाराचा भरवसा. वास्तविक पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नव्हे आणि मनमानी तारखेने पेन्शनरांत भेद करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्येच नकारा खटल्यात बजावले होते.

ही रेषा तर सर्वांनाच लागू आहे, मग तुमचे वेगळे रडगाणे कशाला, असे काही शहाणे विचारतात. ज्यांच्या घरात सातबारा नाही, त्यांचा सातबारा म्हणजे पेन्शनचे पुस्तक, हे त्या शहाण्यांना कसे कळावे?

मार्च 2023 मध्ये राज्यातले कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी सात दिवस संपावर होते. पुढे 1 एप्रिल 2025 पासून केंद्राने एकीकृत पेन्शन योजना आणली. निम्म्या पगाराची हमी परत मिळाली म्हणून पेढे वाटणाऱ्यांनी तिची अट वाचावी: 25 वर्षांची सेवा. जुन्या पेन्शनमध्ये सहाव्या वेतन आयोगानंतर 10 वर्षे सेवा करून वयोमानाने निवृत्त होणाऱ्यालाही निम्मी पेन्शन होती. आता हिशेब करा. नागरी सेवा परीक्षेची वयोमर्यादा खुल्या गटाला 32, अनुसूचित जाती-जमातींना 37. घरातला पहिला शिकलेला पोरगा अडतिसाव्या वर्षी रुजू झाला तर साठीपर्यंत 22 वर्षेच भरतात. पेन्शन 50 ऐवजी 44 टक्के. वयाची सवलत एका हाताने दिली आणि दुसऱ्या हाताने तिचीच वसुली केली! अनुशेषाची पदे वर्षानुवर्षे रिकामी ठेवणार सरकार, आणि उशिराचा दंड भरणार आपण?

मागासवर्गीय कर्मचारी संघटनांनी आठव्या वेतन आयोगाला निवेदन देताना ही अट पहिल्या क्रमांकावर घ्यावी. वयाची सवलत घेतलेल्यांची तेवढी वर्षे सेवेत धरा, एवढी साधी मागणी आहे. आणि त्याच निवेदनात कंत्राटी सफाई कामगाराचेही एक कलम असू द्यावे. त्याच्या वाट्याला हे 44 टक्केही नाहीत.