कृश देहातील मेद आणि दुष्काळाचा वारसा

मधुमेह हा सुखवस्तूंचा आजार, ही समजूत आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे. त्यामुळे बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यात मेदाची चर्चा अनेकांना अप्रस्तुत वाटेल. वस्तुतः ती येथेच व्हावयास हवी.

प्रयोगशाळेत सख्ख्या भावंडांचे प्रजनन सलग वीस पिढ्या घडवून उंदरांचे शुद्ध वंश तयार करतात. अशा दोन वंशांना एकच स्निग्ध आहार दिला, तरी एकाच्या रक्तवाहिन्यांत मेदाचे थर साचतात, दुसऱ्याच्या फारसे साचत नाहीत. मेदाशी संबंधित जनुके किती कार्यरत व्हावीत, हे बऱ्याच अंशी आनुवंशिकता ठरविते. मग सारे दैवाधीनच मानावयाचे काय?

तसे नाही. पुण्याच्या संशोधकांचाही सहभाग असलेला एक प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात पांढऱ्या उंदरांना ५० पिढ्या अर्धपोटी ठेवले होते. ते वजनाने कमी भरले. पण त्यांच्या पोटात मेद अधिक होता आणि मधुमेहाकडे कलही अधिक होता. पुढे दोन पिढ्या पुरेसे अन्न देऊनही हा दोष गेला नाही. जनुकांचा मजकूर तोच राहिला, तरी त्यांच्या कार्यावर उपासमारीची मुद्रा उमटली होती.

उंदरांचा न्याय माणसाला जसाच्या तसा लावता येणार नाही, हे खरे. परंतु डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून केलेला अभ्यास बोलका आहे. तेथील नवजात बालके सरासरी सुमारे २.७ किलोची, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बालके स्नायूंनी दुबळी; त्वचेखालचा मेद मात्र त्या मानाने टिकून राहिलेला.

आता बीडकडे पाहू. मुकादमाची उचल घेतलेले जोडपे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघते. गरोदर स्त्रीही मोळ्या वाहते. तिच्या नावाचा पोषण आहार गावच्या अंगणवाडीत, आणि ती मात्र दूरच्या फडात! हा आहार तिच्यामागे कोपीपर्यंत पोहोचलाच पाहिजे.

अशा खर्चाला आपण अनुदान म्हणतो. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ती भांडवली गुंतवणूक आहे. तिचा परतावा एका आर्थिक वर्षात मोजणे व्यर्थ होय. जे पिढ्यांनी हिरावले, ते भरून यावयासही पिढ्याच लागतील. म्हणूनच आरंभास विलंब नको.