विलायतेतला जावई आणि इस्पितळाचे बिल

जावई ब्रिटिश नागरिक, म्हणजे लेकीला तिथे दवाखाना फुकट, असे आम्हीही समजत होतो. भिवंडीच्या आमच्या भाचीला निकाहनंतर घाईने पाहुण्यांच्या व्हिसावर धाडले. बाळंतपण तिथेच झाले. पाहुण्यांना सरकारी इस्पितळात ठरीव दराच्या दीडपट आकारणी होते. बिल भागवायला मेहुण्याने दोन यंत्रमाग विकले.

बायकोच्या व्हिसावर गेली असती तर बाळंतपणाचे बिल आले नसते. त्या अर्जासोबत आरोग्य अधिभार आगाऊ भरावा लागतो. ६ फेब्रुवारी २०२४ पासून दरसाल १०३५ पौंड, पहिल्या पावणेतीन वर्षांच्या व्हिसाला ३१०५ पौंड. रक्कम मोठी खरी, पण आधीच कळते.

बाळ बापामुळे जन्मतः ब्रिटिश, आई भारतीयच. आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही, म्हणून बाळासाठी ओसीआय कार्ड काढावे. त्यावर येणे-जाणे, धंदा चालतो. मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. मात्र बाळाचे आईबाप, आजी-आजोबा किंवा पणजी-पणजोबा यांपैकी कोणीही कधी पाकिस्तान वा बांगलादेशचे नागरिक असल्यास हे कार्ड मिळत नाही. मेहरवर तासभर बोलणी चालतात; जावयाच्या आजोबांचा पासपोर्ट कोणता होता, हे मात्र आमच्यापैकी कोणी विचारले नव्हते.