चालणं वेगळं, तोल वेगळा

गुडघा दुखो, साखर वाढो की झोप उडो, निगडी-प्राधिकरणातल्या निवृत्त माणसाला पहिला सल्ला एकच मिळतो: रोज चालायला जात जा. साखरेसाठी, हृदयासाठी सल्ला उत्तम. पण ‘म्हणजे पडणार नाहीस’ असं त्याला जोडलं की तो लंगडा पडतो. पुनर्वसनाच्या शास्त्राला हे उमगायला दोन-तीन दशकं लागली, आणि त्याच दशकांत हा कारखान्यांचा पट्टाही म्हातारा होत गेला.

पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली ती १९५४ मध्ये. १९६२ मध्ये एमआयडीसी आली आणि टेल्को, बजाज यांच्या मागोमाग लहानमोठी वर्कशॉप्स. गावोगावची विशीतली पोरं इथे कामाला लागली. १९८२ मध्ये महानगरपालिका झाली, १९८९ मध्ये यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, म्हणजे सगळ्यांचं ‘वायसीएम’. तेव्हाच्या कामगार वस्तीत म्हातारी माणसं कमी होती; आईवडील गावीच राहत. आज मात्र ती पोरंच पंच्याहत्तरी-ऐंशीत आहेत. गावी परत न जाता ती इथेच राहिली आहेत, आणि रात्री उठून ओल्या मोरीपर्यंत जाताना भिंत धरतात.

तोल मोजायची सोपी पद्धत या लोकांच्या तारुण्यात नव्हतीच. पाय जुळवून उभं करायचं, डोळे मिटायला सांगायचं आणि माणूस झुकतो का ते पाहायचं, ही रोम्बर्ग चाचणी एकोणिसाव्या शतकापासूनची. ती मज्जासंस्थेचा दोष दाखवते. घरात वावरताना काय होईल ते सांगत नाही. १९८६ मध्ये मॅथियस, नायक आणि आयझॅक्स या तिघांनी एक साधी युक्ती मांडली: खुर्चीतून उठा, थोडं चाला, वळा, परत येऊन बसा. बघणाऱ्याने एक ते पाच गुण द्यायचे. यातले बर्नार्ड आयझॅक्स हे वृद्धांचे डॉक्टर. हालचाल खुंटणं, तोल जाणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं आणि बुद्धी मंदावणं यांना ते वार्धक्यातले चार राक्षस म्हणत. पडणं हे नुसतं नशीब किंवा वय नसून तपासता येण्याजोगं दुखणं आहे, हा आग्रह त्या काळात नवा होता.

‘बघणाऱ्याचे गुण’ माणसागणिक बदलतात, म्हणून १९९१ मध्ये पॉडसियाड्लो आणि रिचर्डसन यांनी त्याच चाचणीला घड्याळ लावलं. अंतर तीन मीटर ठरलं. मधल्या काळात, वायसीएम सुरू झालं त्याच वर्षी, कॅनडात कॅथरीन बर्ग यांची मोजपट्टी आली: चौदा कृती, एकूण ५६ गुण. आज संत तुकाराम नगरात वायसीएमच्या शेजारी डॉ. डी. वाय. पाटील संकुलात फिजिओथेरपीचं महाविद्यालय आहे. तिथलाच काय, राज्यातला कुठलाही विद्यार्थी या दोन चाचण्या झोपेतही सांगेल. खुर्ची, टेप आणि मोबाइलमधलं घड्याळ एवढ्यावर भागतं, हे त्यांच्या प्रसाराचं खरं कारण.

आणि इथेच एक गफलत झाली असं मला वाटतं. मोजायला सोपं ते महत्त्वाचं ठरलं. आपल्याकडच्या पदव्युत्तर प्रबंधांचा साचा बघा: काही आठवड्यांचा व्यायाम, आधीचे सेकंद, नंतरचे सेकंद, सुधारणा दिसली, विषय संपला. पण माणूस पुढच्या वर्षभरात किती वेळा पडला? ते कळायला दर महिन्याला त्याच्याकडून नोंदी मागवाव्या लागतात, आणि प्रबंधाच्या मुदतीत ते बसत नाही. परदेशात मात्र हा हिशेब पुरा झाला. बर्गच्या मोजपट्टीत ४५ च्या खाली धोका, असा एकच उंबरठा मानणं फसवं निघालं. ४५ च्या वरचेही बरेच जण पडत होते. खुर्चीच्या चाचणीबद्दल २०१४ च्या एका एकत्रित विश्लेषणाने तेच म्हटलं: स्वतःच्या घरी राहणाऱ्या वृद्धांपैकी कोण पडेल हे एकट्या तिच्यावरून सांगता येत नाही.

त्याआधीच, १९९७ मध्ये, स्वीडनमधल्या संशोधकांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक गंमतशीर निरीक्षण छापलं होतं. वृद्धांबरोबर चालता चालता गप्पा मारायच्या. बोलायला सुरुवात करताच जे थांबतात, ते पुढे जास्त पडतात. पाय आणि डोकं एकाच कामाला जुंपलेली असतात, ही जाणीव तिथून पसरली. आपल्याकडे तर हातात पिशवी, कानाला फोन आणि शेजारून दुचाकी, असं तिहेरी काम साध्या भाजी आणण्यातही असतं.

आता रोज चालण्याच्या त्या सल्ल्याकडे. १९९७ मध्येच ब्रिटनमधला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पूर्वी हात मोडलेल्या, पाळी गेलेल्या स्त्रियांना झपझप चालायला सांगितलं होतं. चालणाऱ्या गटात पडण्याचं प्रमाण उलट जास्त निघालं. त्याच वर्षी न्यूझीलंडच्या ओटॅगो विद्यापीठाचा प्रयोग आला. ऐंशी आणि पुढच्या वयाच्या बायकांना फिजिओथेरपिस्टने घरी जाऊन पायांच्या ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम शिकवले, आणि पडणं कमी झालं. चालणं त्यातही होतं, पण जोडीला. कॅथरीन शेरिंग्टन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये जगभरचे प्रयोग एकत्र केले तेव्हा व्यायामाने पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटतं असं निघालं. भक्कम पुरावा होता तो तोलाला आव्हान देणाऱ्या व्यायामांचा. नुसत्या चालण्याबद्दल तसं काही ठामपणे म्हणता आलं नाही.

यात नवल नाही. सरळ रस्त्यावर चालताना शरीर ओळखीच्या लयीत असतं. तोल जातो तो वळताना, वाकताना, उंबरठा ओलांडताना, एका पायावर सलवार किंवा पँट चढवताना. तुकोबांची पालखी देहूहून आकुर्डीला मुक्कामाला येते, तिच्याबरोबर सत्तरीचे वारकरी पंढरपूरपर्यंत चालतात. त्यांच्या दमाबद्दल शंका नको. पण दम ही एक गोष्ट आणि सावरणं ही दुसरी.

गोळीवर भिस्त ठेवणाऱ्यांनाही एक धक्का बसला. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियात वृद्ध स्त्रियांना वर्षातून एकदा ड जीवनसत्त्वाचा पाच लाख युनिटांचा डोस देऊन पाहिला. पडणंही वाढलं आणि हाडं मोडणंही.

आपल्या बाजूचं एक काम इथे नोंदवायला हवं. चाकण-शिक्रापूर रस्त्याच्या अलीकडे-पलीकडे कारखाने पसरत होते, त्याच सुमारास शिरूर तालुक्यातल्या वढू इथे पुण्याच्या केईएम रुग्णालय संशोधन केंद्राने २००२ पासून बावीस गावांची कायमस्वरूपी आरोग्य-नोंद सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘सेज’ या वार्धक्य-अभ्यासात ही गावं सामील झाली आणि पन्नाशीपुढच्या हजारो लोकांची विचारपूस झाली. बायकांनी आपली प्रकृती पुरुषांपेक्षा वाईट सांगितली. सेजच्या मूळ आराखड्यात मुठीची पकड आणि चार मीटर चालायला लागणारा वेळही होता. पडणं टाळण्याविषयीच्या २०२२ च्या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांनी हेच चार मीटर पुढे आणले: सेकंदाला ०.८ मीटर किंवा त्याहून कमी वेग, म्हणजे चार मीटरला पाच सेकंद किंवा जास्त, असेल तर पुढची तपासणी करा.

एक उणीव मात्र चाळीस वर्षांत कुणी नीट भरून काढलेली नाही. या चाचण्या खुर्चीभोवती बेतलेल्या आहेत. बर्गच्या चौदा कृतींत जमिनीवरची वस्तू उचलणं आहे. जमिनीवर मांडी घालून बसणं आणि तिथून उठणं नाही, उकिडवं बसणं नाही. जमिनीवर बसून उठण्याच्या चाचणीवरचा ब्राझीलमधला अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, तोही आयुर्मानाच्या अंदाजासाठी. आपल्याकडे पूजा, पंगत, देशी संडास हे सगळं त्याच हालचालीवर चालतं, आणि ती जमेनाशी झाली की लोक पहिल्यांदा देवघर टेबलावर नेतात. घरात कमोड येतो तो त्यानंतर, बहुतेक वेळा खुब्याचं हाड मोडल्यावर.