बंदिस्त पालीचे कूळ ओळखायचे कसे?

सोनगीर, प्रतिनिधी

धुळ्याहून आग्ऱ्याच्या दिशेने निघाले, की वीसेक किलोमीटरवर सोनगीरचा किल्ला लागतो. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावाभोवतीचा मुलूख कोरडा, खडकाळ आणि काटेरी झुडपांचा. अशाच मुलखात, दगडांच्या कपारीत 'लेपर्ड गेको' या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या पालीचे भाऊबंद राहतात. अंगावर बिबट्यासारखे ठिपके असल्याने तिला हे नाव पडले. तिला मिटणाऱ्या पापण्या असतात आणि बोटांना चिकट गाद्या नसल्याने ती घरातल्या पालीप्रमाणे भिंतीवर चढू शकत नाही. ती रात्री बाहेर पडते, किडे खाते आणि जाड शेपटीत चरबी साठवून टंचाईचे दिवस काढते. ती विषारी असल्याचा समज दृढ असल्याने दिसताक्षणी ठेचली जाते. वास्तविक भारतात एकही विषारी पाल वा सरडा नाही.

पश्चिम भारतातील ही पाल 'युब्लेफॅरिस फस्कस' या शास्त्रीय नावाने ओळखली जाते. 'फस्कस' म्हणजे काळपट. पूर्वी तिची गणना पाकिस्तान-अफगाणिस्तानकडील 'मॅक्युलॅरिअस' या पालीची उपप्रजाती म्हणून होत असे. 1997 मध्ये सरीसृपतज्ज्ञ इंद्रनील दास यांनी तिला स्वतंत्र प्रजातीचा दर्जा दिला. पुढे 2014 मध्ये झीशान मिर्झा आणि सहकाऱ्यांनी सातपुड्यातील 'सातपुराएन्सिस' आणि 2022 मध्ये पूर्व घाटाच्या पट्ट्यातील 'पिक्टस' या प्रजातींचे वर्णन प्रसिद्ध केले. म्हणजे सरसकट 'लेपर्ड गेको' म्हणून ज्यांच्याकडे पाहिले जाई, त्यांत अनेक कुळे दडलेली होती.

रंगाचा भरवसा नाही

पाश्चात्त्य देशांत 'मॅक्युलॅरिअस' ही पाल अनेक दशकांपासून घरोघरी पाळली जाते. तिच्या माँटेनस, फॅसिओलॅटस, अफगाणिकस अशा उपप्रजाती सांगितल्या जातात आणि त्या नावांनी पिल्ले विकलीही जातात. मात्र काचेच्या पेटीतील पालीकडे पाहून तिची उपप्रजाती ठरवणे जवळजवळ अशक्य असते. याला तीन कारणे आहेत.

पहिले कारण रंगाचे. पिल्लाच्या अंगावर गडद पट्टे असतात, वयाबरोबर ते फुटून त्यांचे ठिपके होतात. शिवाय अंडी कोणत्या तापमानाला उबवली, यावर पिल्लाचे लिंग ठरते आणि रंगाचा गडदपणाही काही अंशी त्यावरच अवलंबून असतो. सुमारे 26 अंश सेल्सिअसला बहुतेक माद्या, तर साडेबत्तीस अंशांच्या आसपास बहुतेक नर जन्मतात. एकाच आईची दोन पिल्ले त्यामुळे निराळी दिसू शकतात.

दुसरे कारण संकराचे. पालकांनी मनाजोगता रंग मिळावा म्हणून निरनिराळ्या ठिकाणांहून आलेल्या पाली पिढ्यानपिढ्या एकत्र केल्या. त्यातून पांढऱ्या, केशरी, बिनठिपक्यांच्या पाली निपजल्या. त्याची किंमत प्राण्यांनाच मोजावी लागली. 'लेमन फ्रॉस्ट' नावाच्या पिवळ्या-पांढऱ्या रंगाच्या पालींत त्वचेतील रंगपेशींच्या गाठी होतात. हा रंग आणि ही व्याधी यांचे मूळ एकाच जनुकाजवळ असल्याचे 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे कारण नोंदीचे. उपप्रजाती ही मुळात भौगोलिक कल्पना आहे. एकाच प्रजातीचे, पण ठरावीक प्रदेशात राहणारे आणि काहीसे वेगळे दिसणारे प्राणी, असा तिचा अर्थ. मूळ गाव ठाऊक नसेल, तर नुसते रूप अपुरे ठरते.

अमेरिकेतील 'कॉलर्ड लिझर्ड' या सरड्याबाबतही हाच अनुभव आहे. मानेभोवती दोन काळे पट्टे मिरवणारा हा सरडा 1969 पासून ओक्लाहोमा राज्याचा अधिकृत सरीसृप आहे. डोके पिवळे, म्हणून 'ऑरिसेप्स', अशा ढोबळ खुणांवर त्याच्या उपप्रजाती सांगितल्या जात. परंतु नर-मादी, वय आणि विणीचा हंगाम यांनुसार त्याचे रंग बदलतात. अंडी धरलेल्या मादीच्या अंगावर तर नारिंगी ठिपके उमटतात. जिमी मॅकग्वायर या अभ्यासकाने 1996 मधील आपल्या ग्रंथात या उपप्रजातींची विभागणी मान्य केली नाही.

मग ओळखतात कसे?

अभ्यासक रंगाआधी खवले पाहतात. बोटांखालचे खवले गुळगुळीत आहेत की खडबडीत, पाठीवरच्या उंचवट्यांची मांडणी कशी आहे, गुदद्वारापुढील छिद्रे किती आहेत, मानेवरचा पट्टा कसा आहे, हे भिंगाखाली तपासले जाते. त्याला जनुकीय चाचणीची जोड दिली जाते. संकरित पालीच्या बाबतीत मात्र हेही पुरत नाही, कारण मायटोकाँड्रियातील जनुके केवळ आईकडून येतात. बापाचे कूळ त्यातून कळत नाही. त्यासाठी पेशीकेंद्रातील जनुकेही तपासावी लागतात.

नावात काय आहे?

हा प्रश्न केवळ हौशी मंडळींचा नाही. उद्या एखाद्या डोंगरातील पाली संपल्या, तर पेट्यांतील हजारो पाली तेथे सोडता येणार नाहीत. कूळ अज्ञात असलेले प्राणी सोडणे म्हणजे उरल्यासुरल्या मूळ वंशातही भेसळ करणे होय.

उलट बाजूही तितकीच गंभीर आहे. 'अमुक डोंगरातील अस्सल' असा शिक्का बसला, की प्राण्याचा भाव चढतो. दक्षिण चीनमधील 'गोनियुरोसॉरस लुई' या पालीचे वर्णन 1999 मध्ये प्रसिद्ध झाले आणि व्यापाऱ्यांनी त्या ठिकाणच्या पाली अक्षरशः वेचून नेल्या. तेव्हापासून अनेक अभ्यासक नव्या प्रजातीचे नेमके ठिकाण उघड करत नाहीत.

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 मध्ये दुरुस्ती झाली आणि आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या याद्यांतील विदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना नोंदणी बंधनकारक झाली. त्यासाठीचे नियम 2024 मध्ये आले. शहरांत पाळला जाणारा ग्रीन इग्वाना या याद्यांत आहे. नोंदणी प्रजातीच्या नावाने होते, त्यामुळे नाव चुकले तर सारी नोंदच चुकते. प्राणी घेताना विक्रेत्याने सांगितलेल्या नावावर विसंबू नये. आई-बापाची नोंद आणि मूळ ठिकाणाचा कागद मागावा. तो नसेल तर उपप्रजातीचे नाव न लावणे हेच प्रामाणिक.

खान्देशच्या खडकांतील पालीला मात्र कोणाच्या पेटीची गरज नाही. रात्री वाटेत ती दिसली, तर दगड न उचलता तिला जाऊ द्यावे. तिचे कूळ जिथल्या तिथे टिकवण्याचा याहून सोपा उपाय नाही.