ट्राउटचा गळ आणि दमणगंगेचे दगड

सिल्व्हासाजवळच्या रांधा गावात पहाटेची थंडी कितीही झोंबली, तरी तिथल्या पाण्यात ट्राउट मिळायचा नाही. या माशाला 10 ते 16 अंश सेल्सिअसचं पाणी मानवतं. 25 अंशांच्या आसपास त्याच्या जिवावर बेततं. 10 अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे 11 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, 30 अंशांना जेमतेम साडेसात. पाणी तापलं की प्राणवायू घटतो आणि माशाची गरज मात्र वाढते. इथल्या दमणगंगा नदीचा उन्हाळा ट्राउटला सोसवणार नाही. भारतात तो रुजला काश्मीर, कुलू आणि निलगिरीच्या गार प्रवाहांत.

त्याला पकडायला आकड्यावर पिसं आणि दोरा गुंडाळून खोटा किडा करतात. हीच ‘फ्लाय’. थंडीत पाण्याबरोबर माशाचं अंगही गार पडतं, पचन मंदावतं. मग तो खळाळती धार सोडून डोहाच्या तळाशी स्थिरावतो. घासामागे धावण्यात जास्त शक्ती खर्च होणार असेल, तर जागचा हलत नाही. म्हणून हिवाळ्यात जड फ्लाय तळापर्यंत बुडवून, प्रवाहाच्याच गतीने माशाच्या तोंडापाशी न्यावी लागते. त्यातही दुपार बरी, कारण तेव्हा पाणी थोडं ऊबदार झालेलं असतं. ब्राउन ट्राउटची वीण मात्र थंडीतच होते, म्हणून हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटची मासेमारी बंद असते.

ही फ्लाय अनेकदा मेफ्लाय नावाच्या किड्याच्या पिल्लाची नक्कल असते, आणि मेफ्लाय सह्याद्रीच्या ओढ्यांतही आहेत. वाहत्या पाण्यातला एखादा दगड उलटून पाहा. चपटं अंग, दगडाला घट्ट धरणारे सहा पाय, पोटाच्या कडांना थरथरणारे कल्ले, मागे दोन-तीन लांब शेपट्या. हे कल्ले गाळ आणि रसायनं फारशी सोसत नाहीत. म्हणून पाण्याची प्रत जोखायला शास्त्रज्ञ जगभर हेच किडे मोजतात.

नाशिकच्या डोंगरांतून निघालेली दमणगंगा दादरा-नगर हवेली ओलांडून वापीच्या कारखान्यांजवळून समुद्राकडे जाते. 2009 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने वापीला देशातल्या सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांत धरलं होतं. नदी वरच्या अंगाला निरोगी राखायची, तर पहारा गावानेच द्यायला हवा. शाळेतल्या मुलांना या हिवाळ्यात ओढ्यावर न्या, दगडाखालचे किडे मोजून वहीत टिपा, आणि दगड होता तसाच परत ठेवा. पुढच्या हिवाळ्यात किडे कमी दिसले, तर पाण्यात वर काय सोडलं जातंय याचा जाब ग्रामसभेत विचारा.